मदत हवी आहे: जुना पिकअप घेतोय, भाव किती पाडू?

घाईगडबड:
नमस्कार मंडळी. एक जुना पिकअप बघून आलोय, गाडी आवडली. मालक म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. तो सांगतोय त्या किमतीला घेऊ की पाडून मागू? पाडायची तर किती? कृपया लवकर सांगा. 'त्यापेक्षा नवीन घे' असले सल्ले नकोत.

खटपट्या:
कुठली गाडी, कुठल्या सालची, किती चालली आणि तो मागतोय किती? यातलं एकही लिहिलेलं नाही. आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

घाईगडबड:
डबल केबिन आहे. दहा वर्षं जुनी, दीड लाख किमी. पिकअप म्हणजे डिझेल हे वेगळं सांगायला नको. कंडिशन एक नंबर. किंमत इथे लिहिणार नाही, लिहिली तर इथलाच कोणीतरी जाऊन उचलेल.

निवांत बसलेला:
पिकअप म्हणजे डिझेल हे कोणी सांगितलं? अमेरिकेतली फोर्डची एफ-१५० पिकअप जास्त करून पेट्रोलवरच खपते. कमी चालवणार असाल तर पेट्रोलच बघा. थोडं थोडं अंतर चालणाऱ्या डिझेल गाडीत धुराचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही, मग तो तुंबतो.

गॅरेजवाला:
पेट्रोल-डिझेल नंतर भांडा, त्याला उद्या उत्तर द्यायचंय.

घाईगडबड, 'दुसरं गिऱ्हाईक' प्रत्येक मालकाकडे असतं. सकाळी न सांगता जा. आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर त्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती असं समज. थंड इंजिन कसं उठतं ते बघायचंय. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली पट्टी, गेल्याचा संशय घे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल कर आणि तसंच वर ठेव. उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

खटपट्या:
झाकणाची ही परीक्षा सगळीकडे वाचतो, पण काही चांगल्या इंजिनांतही झाकण थडथडतंच. तेवढ्यावरून इंजिन मोडीत काढू नका. तिथून फसफस धूर येत असेल तर गोष्ट वेगळी. खात्री हवी तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या.

गॅरेजवाला:
मान्य. पण मालकाच्या दारात उभं राहून कॉम्प्रेशन कोण तपासतं? पहिली चाळणी म्हणून झाकण पुरतं.

हौशी:
मी माझ्या पिकअपच्या हौद्याला प्लॅस्टिकचा लायनर बसवला. एकदम झकास, एक ओरखडा नाही. तुम्हीही बसवून घ्या.

खटपट्या:
त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! आणि त्या लायनरखाली पाणी आणि माती अडकते, वर्षानुवर्षं कोणी काढून बघत नाही. आतून पत्रा सडलेला असतो.

घाईगडबड:
लायनर आहे याला. चासीसुद्धा मालकाने आत्ताच काळ्या रंगाने रंगवून घेतलीय, खालून नवी कोरी दिसते. म्हणून तर तो किंमत सोडत नाही.

गॅरेजवाला:
हे आधी सांगायचं होतं.

दहा वर्षांच्या गाडीची चासी विकायच्या तोंडावर कोणी हौसेने रंगवत नाही. पिकअपचा सगळा भार चासीवर असतो. इंजिन बदलता येतं, सडलेली चासी बदलायचा खर्च मात्र जुन्या गाडीला परवडत नाही. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या चासी गंजतात म्हणून कंपनीवर दावा झाला होता. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण २०१६ साली तडजोड केली आणि २००५ ते २०१० च्या टॅकोमा त्यात आल्या. मागच्या लीफ स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला टांगलेत ती जागा बघ, केबिन आणि हौदा यांच्या मधली फट बघ. कायम जादा माल भरला असेल तर चीर तिथेच मिळते. पाटे सरळ झालेत का, एखादा जादा पाटा घातलाय का, तेही बघ.

निवांत बसलेला:
ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या चुकांचे कोड वाचणारं यंत्र, लावला की सगळं कळतं. आजकाल मोबाइलला जोडायचा मिळतो.

खटपट्या:
चासीचा गंज स्कॅनर दाखवतो का? पण लावाच. चुकांचे कोड नुकतेच पुसले असतील तर तपासण्या 'अपूर्ण' दिसतात. मग कोड का पुसले ते मालकाला विचारता येतं.

मितभाषी:
टायरवर शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर जुने निघाले तर त्यांचा खर्च किमतीतून वजा. क्लच, टायमिंग बेल्ट असेल तर तोही, अशा कामांचा अंदाज मेकॅनिककडून लिहून घ्या आणि मालकापुढे ठेवा. नुसतं 'थोडं कमी करा' म्हटलं तर तो थोडंच कमी करतो. तशाच गाड्यांच्या जाहिराती बघा, पण तिथला आकडा मागण्याचा असतो, सौदा त्याच्या खालीच होतो.

सावकाश:
मला वेगळीच शंका आहे. नोंदणीच्या कागदावर नाव याच मालकाचं आहे ना? गाडीवर कर्ज बाकी नाही ना? कागदावरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर जुळवलात का?

घाईगडबड:
नाव त्याच्या मेव्हण्याचं आहे. मेव्हणा परदेशात असतो. पण गाडी हाच वापरतो, घरातलीच गोष्ट आहे. नंबर नाही बघितला.

सावकाश:
मग विकणारा मेव्हणा आहे, हा नव्हे. मेव्हण्याची सही आणि कर्ज फिटल्याचा कागद हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. घरातली गोष्ट त्यांच्या घरातली आहे, तुमच्या नव्हे.

निवांत बसलेला:
एक विचारू का? गाडी कशासाठी हवीय?

घाईगडबड:
मुलांना शाळेत सोडायला, आणि कधीतरी सामान आणायला.

निवांत बसलेला:
शाळेच्या फेऱ्या आणि डिझेल! वर फिल्टरचं काय लिहिलं होतं मी?

हौशी:
मुलं असतील तर हौद्याला वरून झाकण पण लावून घ्या. दप्तरं भिजत नाहीत.

घाईगडबड:
मालकाशी बोललो. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायचीय म्हटलं तर आधी 'कशाला?' म्हणाला. मग म्हणाला परवा या, ते दुसरं गिऱ्हाईक सध्या बाहेरगावी आहे. जाऊ का?

गॅरेजवाला:
जा. ओळखीचा मेकॅनिक सोबत ने आणि मालकाला विचारून छोट्या हातोडीने चासी जागोजागी हलकेच ठोकून बघ. खणखणीत वाजली तर भावाचं बोल. आवाज भद्द आला किंवा रंगाबरोबर गंजाचे पापुद्रे पडले तर किंमत काढूच नकोस, चहा पिऊन परत ये. हौद्यातला लायनरही उचलायला लाव. चार स्क्रू असतात, 'निघत नाही' म्हणाला तर स्क्रूड्रायव्हर तूच घेऊन जा.