मावश्यांना पीपीई किट काढायला कसं शिकवू?

सोलापूरची सिस्टर:
नमस्कार. सोलापुरात एका खासगी रुग्णालयात चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे. मावश्या आणि वॉर्डबॉय मिळून बावीस जणांना संसर्ग कसा टाळायचा ते शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. स्लाइड्स आयत्या मिळाल्यात, त्या इंग्रजीत. आमच्या निम्म्या मावश्या पूर्वभागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या.

२०२० च्या मे महिन्यात, कोरोनात, आम्हालाही असंच शिकवलं होतं. शेवटी प्रश्नपत्रिका सोडवली, सगळ्यांना पैकीच्या पैकी. साबणाने हात ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०, सगळं पाठ. तीन आठवड्यांत आमच्या पाळीतल्या पाच जणी पॉझिटिव्ह.

बाहेर ऊन रणरणायचं, गाऊन, मास्क, गॉगल, हातमोजे अशा पूर्ण किटमध्ये सहा तास. गॉगलच्या कडेने घाम गालावर यायचा, पुसता यायचा नाही. पाळी संपली की एक मावशी आधी मास्कच ओढायची, तोही हातमोजे घातलेल्या हाताने. तिला श्वास हवा असायचा, बाकी काही नाही. मग खिडकी नसलेल्या खोलीत आम्ही सगळ्या चहाला, मास्क हनुवटीवर. पेशंटजवळ जेवढं जपलं तेवढं एकमेकींजवळ नाही जपलं. मावशी बरी झाली, पण तिचे सासरे गेले. आपणच घरात आणलं, असं ती अजून म्हणते. त्या बावीस जणांत तीही आहे. तिच्यासमोर मी काय आणि कसं बोलू?

निवृत्त इन्चार्ज:
स्लाइड्स बाजूला ठेवा. हातमोज्यांना ओला गुलाल फासा आणि किट काढायला लावा. लाल डाग कुठे उमटतात ते ज्याचं त्याला दिसतं. हातमोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा करायचा, दुसऱ्या मुठीत ठेवायचा, मग मोकळं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवायचं. गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळायचा. एन-९५ मास्क सगळ्यांत शेवटी, खोलीबाहेर येऊन, मागच्या पट्ट्यांना धरून. प्रत्येक पायरीला हात स्वच्छ करायचे. सहा तासांनी दमलेल्या माणसाला हे आठवत नाही, म्हणून काढताना समोर एक जोडीदार उभा करा. तो एकेक पायरी मोठ्याने बोलेल.

लॅबवाला:
फरशीच्या औषधाचंही सांगा. टक्केवारी कुणाला कळत नाही, माप कळतं. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर एक तांब्या औषध, चार तांबे पाणी, झालं १ टक्का. रोज ताजं करायचं, आपल्याकडच्या उन्हात तर ठेवायचंच नाही. लावल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. संडासच्या ॲसिडात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आशाताई:
सिस्टर, त्या मावशींना एक आवर्जून सांगा. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनाच म्हणत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. श्वासातून, कोंदट खोलीतल्या हवेतून पसरतो हे त्यांनी स्पष्ट लिहिलं २०२१ मध्ये. तुम्हाला शिकवणाऱ्यांनाच अर्धं माहीत होतं. चहाच्या खोलीबद्दल तुम्हाला कोण सांगणार होतं? आणि त्या दिवसांत सासऱ्यांना कुठून लागण झाली, हे कुणीच सांगू शकत नाही. हात धुवायचेच, पण खिडकीही मागा. आणि तेलुगूत त्यांनाच बोलू द्या.

सोलापूरची सिस्टर:
खिडकीचं आजच लेखी दिलं. तोवर चहा गच्चीवर, दोघी-दोघींनी. मावशीला २०२१ चं सांगितलं. बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मास्क शेवटी, हे मी सांगते. आमच्या भाषेत."

लॅबवाले दादा, तांब्या स्टीलचा चालेल का?

लॅबवाला:
नको ताई, ते औषध धातू खातं. प्लास्टिकचा मग घ्या, त्यावर खूण करा आणि दुसऱ्या कशालाही वापरू देऊ नका.