हेंड्रिक्स की क्लॅप्टन?

सहावी_तार: काल भावाशी कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनला आला आणि इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन त्याच्यावर जळायला लागला. खरंय का हे?

जुनी_कॅसेट: हादरला जरूर, पण मनात खार नव्हती. १ ऑक्टोबर १९६६, लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये क्लॅप्टनच्या 'क्रीम' बँडचा कार्यक्रम. तिथे कुणाच्या खिजगणतीत नसलेला हेंड्रिक्स स्टेजवर चढला आणि हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोअर' असं सुसाट वाजवलं की क्लॅप्टन वाजवायचा थांबून स्टेजवरून निघूनच गेला. गंमत म्हणजे, इंग्लंडला येण्याआधी हेंड्रिक्सने त्याच्या मॅनेजरला, चास चँडलरला, विचारून ठेवलं होतं, क्लॅप्टनशी गाठ घालून देशील ना?

डावखुरा: आणि जानेवारी १९६९ विसरलात? बीबीसीवर गायिका लुलूच्या शोचं थेट प्रक्षेपण चालू, आणि हेंड्रिक्स पठ्ठ्याने 'हे जो' गाणं अर्ध्यात सोडून 'क्रीम'चं 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' सुरू केलं. 'क्रीम' तेव्हा नुकताच फुटला होता. वेळ संपत आली तरी गडी थांबेना.

जुनी_कॅसेट: मला मात्र चटका लावते ती डाव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर गिटार. हेंड्रिक्स डावखुरा, एरवी उजव्या हाताचीच उलटी धरून, तारा बदलून वाजवायचा. म्हणून क्लॅप्टनने त्याला द्यायला मुद्दाम डावी घेतली. भेट व्हायची होती, झालीच नाही. १८ सप्टेंबर १९७० ला हेंड्रिक्स गेला. वय २७.

सहावी_तार: भावाला वाचून दाखवलं. गिटारपाशी आल्यावर गप्प झाला. तरी हेंड्रिक्सच भारी, हे मी सोडणार नाही!