मदत हवी आहे: घरामागे गॅसचं ड्रिलिंग, हवा कशाने मोजू?

अर्लिंग्टनकर: मंडळी, जरा लवकर सांगा. टेक्सासात अर्लिंग्टनला राहतो. घरामागच्या जागेवर पुन्हा काम सुरू झालंय. रात्रभर घरघर, उग्र वास, त्यात मुलाचा दमा उसळलाय. हवा मोजायचं कोणतं यंत्र घेऊ? आजच मागवायचंय.

विदुला_एफडब्ल्यू: वास कसला, डिझेलचा की सडक्या अंड्याचा? ड्रिलिंग चालू आहे की फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडणं? अंतर किती? एवढं कळल्याशिवाय यंत्र कसं सांगणार?

प्रसन्न_८२: हेपा फिल्टरवाला एअर प्युरिफायर घ्या. आमच्याकडे दोन आहेत, मस्त चालतात.

विदुला_एफडब्ल्यू: प्रसन्न, हेपा धूळ अडवतो, बेंझीनसारख्या विषारी रसायनाची वाफ नाही. त्यासाठी भरपूर कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर लागतो. आणि त्यांनी मोजायचं विचारलंय.

नाना_डेंटन: यंत्रं कसली घेता, शहराकडे बंदी मागा! आम्ही टेक्सासातल्याच डेंटन शहरात नोव्हेंबर २०१४ ला मतदान करून फ्रॅकिंग बंद केलं होतं.

मिहीर_ऊर्जा: आणि मे २०१५ मध्ये राज्याने एचबी ४० हा कायदा आणून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला, हेही सांगा ना नाना. घाबरवू नका. फोर्ट वर्थने २०११ ला शहरभर मोजमाप करून घेतलं होतं. विहिरीपासून घरापर्यंत ६०० फुटांचं अंतर साधारणपणे पुरेसं आहे, असा निष्कर्ष निघाला.

नाना_डेंटन: त्याच अहवालात कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून पाइपात ढकलणाऱ्या यंत्राच्या, इंजिनांतून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या घातक वायूचा मुद्दा होता, तो का गाळला? आणि डिश गावाचं काय? २००९ ला कॉम्प्रेसर स्टेशनांजवळच्या हवेत बेंझीन सापडलं होतं.

मिहीर_ऊर्जा: २०१० ला राज्याच्या आरोग्य खात्याने त्याच गावातल्या लोकांचं रक्त-लघवी तपासलं, अशा रसायनांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

नाना_डेंटन: बेंझीन शरीरातून लवकर निघून जातं. एका दिवसाच्या तपासणीवरून महिनोन् महिन्यांचं काय कळणार?

शमा_न्यूजर्सी: जमिनीखालच्या गॅसचे हक्क तुमच्याकडे आहेत का? रॉयल्टी मिळते म्हणे.

अर्लिंग्टनकर: नाहीत, घर घेतलं तेव्हाच वेगळे काढलेले होते. कृपया विषयावर या. वास डिझेलसारखा. उंच मनोरा उभा आहे, म्हणजे ड्रिलिंगच असणार. अंतर साधारण ७०० फूट. आणि हो, पलीकडे जुना कॉम्प्रेसरही आहे.

विदुला_एफडब्ल्यू: हे आधी सांगायला हवं होतंत! मग सध्याचा त्रास बहुतेक इंजिनांच्या धुराचा. त्यासाठी पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण मोजणारा साधा सेन्सर चालेल. बाहेर एक, मुलाच्या खोलीत एक. बाहेरचा आकडा चढला की खिडक्या बंद. पण त्यात बेंझीन दिसत नाही, आणि घातक पातळीलाही बेंझीनचा वास येईलच असं नाही. त्यासाठी निर्वात डब्यात हवेचा नमुना भरून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

वास येईल तेव्हा तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. मग टीसीईक्यूकडे, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याकडे तक्रार करा. ड्रिलिंगचे परवाने रेलरोड कमिशन देतं, नावात रेल्वे असली तरी. हवेची तक्रार तिकडे करून उपयोग नाही. बार्नेट या आपल्याकडच्या गॅसच्या पट्ट्यातल्या टीसीईक्यूच्या काही केंद्रांचे बेंझीनचे तासातासाचे आकडे त्यांच्या साइटवर दिसतात, जवळचं केंद्र शोधा.

मिहीर_ऊर्जा: पटलं. एक भर: तुमच्या टॅरंट काउंटीतला गॅस बहुतांशी कोरडा, म्हणजे द्रव कमी असलेला आहे, त्यामुळे टाक्यांतून उडणारी बेंझीनसारखी द्रव्यं वाइज काउंटीपेक्षा कमी. ड्रिलिंग काही आठवड्यांत उरकतं.

नाना_डेंटन: आणि नंतर फ्रॅकिंगचे पंप येतात, तेही बरेचदा डिझेलवर. ते सांगा. उन्हाळ्यात तर डॅलस-फोर्ट वर्थचा ओझोन आधीच मर्यादेबाहेर असतो, दम्याच्या पोराला तो वेगळाच जाच.

शमा_न्यूजर्सी: डॉक्टरांना दाखवलंत का हो?

अर्लिंग्टनकर: दाखवलंय, इनहेलर वाढवून दिलाय. विदुलाताई, सेन्सर मागवतो. पण तो नमुना एरवी घ्यायचा, की वारा कॉम्प्रेसरकडून येत असताना?

विदुला_एफडब्ल्यू: दोन घ्या. एक वारा तिकडून येत असताना, एक उलट्या वाऱ्याला. एकट्या नमुन्याला कोणी विचारत नाही.