फॉर्च्युनरला लिफ्ट न करता किती मोठे टायर बसतील? इंदूर आणि काळ्या मातीचा वापर

रामबागवाला
नमस्कार मंडळी. गाडी फॉर्च्युनर ४×४ डिझेल, कंपनीचे २६५/६० आर १८ टायर संपत आलेत, बदलायचेच आहेत तर या वेळी थोडे उंच आणि एटी (ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्चा दोन्हीला चालणाऱ्या) पॅटर्नचे घ्यायचा विचार करून राहिलोय. वापर निम्मा इंदूर शहर आणि बायपास, उरलेला सिमरोलच्या पुढे शेतावर, तिथला शेवटचा तुकडा कच्चा आहे आणि पावसाळ्यात सगळी काळी माती, काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. लिफ्ट किट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणारं) नकोच, एकतर आई-बाबांना आत्ताच चढताना त्रास होतो आणि घाटात गाडी झुललेली मला चालत नाही. देवास नाक्याच्या दुकानांत विचारून आलो, एक जण म्हणतो २६५/६५ च्या वर जाऊ नका, दुसरा म्हणतो २८५/६५ पण आरामात बसतात, थोडं प्लास्टिक कापून देतो. कोणाचं ऐकू? कुठे घासतं, ॲव्हरेजचं काय, स्टेपनीचं काय, सगळं सांगा. गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची आहे म्हणून नीट करायचंय.

गॅरेजकाका
आधी गणित करून घे रे, मग दुकानात जा. २६५/६० आर १८ म्हणजे रुंदी २६५ मिमी, टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंच, पूर्ण उंची होते साधारण ७७५ मिमी. २६५/६५ घेतलास तर ८०२, म्हणजे २६-२७ मिमी जास्त. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, तेरा मिमी फक्त, कारण टायर अर्धा खाली वाढतो आणि अर्धा वर. २८५/६५ म्हणजे ८२८ मिमी, गाडी वर जाते २६ मिमी, पण रुंदीही २० मिमी वाढली आणि पुढे-मागे-वर तिन्हीकडे जागा २६-२६ मिमीने कमी झाली. हे दुकानदार सांगत नाही.

आता घासतं कुठे. लोक मडगार्डच्या वरच्या गॅपमध्ये बोटं घालून बघतात आणि म्हणतात भरपूर जागा आहे, तिथे नाही घासत. स्टिअरिंग पूर्ण काटलं की पुढच्या चाकाची मागची कड मडफ्लॅप आणि लायनरला (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) लागते, पुढची कड बंपरच्या खालच्या कोपऱ्याला. रिव्हर्समध्ये पूर्ण काटून गाडी घेतलीस की सगळ्यात आधी कळतं. आणि स्टिअरिंग काटलेलं असताना एक चाक खड्ड्यातून वर दाबलं गेलं तर अजून.

आणि लिफ्ट केली की प्रश्न सुटतो असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक त्याच रबरी स्टॉपरपर्यंत जाणार, लिफ्ट असो नसो, वेगळे स्टॉपर लावले तरच फरक. त्यामुळे तुला लिफ्ट नको असेल तर बिलकुल वाईट वाटून घेऊ नको, वर ड्राइव्ह शाफ्टचे कोन पण कंपनीने दिलेत तेच राहतात, ते चांगलंच आहे.

माझं मत, २६५/६५ ही हद्द. तीही दुकानात आधी एकच टायर पुढे चढवून बघायची. लायनरला आतून सगळीकडे खडू फासायचा, गाडीत चार माणसं बसवायची, दोन्ही बाजूला फुल लॉक, पुढे-मागे, मग तेच चाक फुटपाथच्या कडेवर चढवून परत. खडू जिथे पुसला गेला तिथे घासतंय. हे करून देत नसेल तर त्या दुकानातून घेऊच नको.

महूकर_४×४
काकांचं सगळं बरोबर पण एक गोष्ट राहिली आणि रामबागवाला दादांसाठी तीच मोठी आहे. टायर आणि लायनरमधला गॅप फुकटची जागा नाही, काळ्या मातीत तोच लागतो. आपली माळव्याची माती ओली झाली की फुगते आणि चाकाला थरावर थर चढत जातात, चपलेला गारा लागून चप्पल जड होते तसं. कंपनीच्या मापात तो थर लायनरला लागून खरवडून पडतो किंवा निदान फिरत राहतो. गॅप कमी केला की माती तिथेच दाबून बसते, चाक जाम व्हायला लागतं, ॲक्सिलरेटर दिला की क्लच नाहीतर गिअरबॉक्स तापतो, आणि लायनरच्या क्लिपा तुटून लायनरच बाहेर येतो. कोरड्या दिवसांत खडूने पास झालेला टायर जुलैत नापास होतो. माझ्या गाडीचा लायनर असाच मातीने ओढून नेला आहे शेताच्या बांधाजवळ, हाताने माती काढताना तासभर गेला, निघतच होती आतून.

दुसरं म्हणजे १३ मिमी उंचीने काळ्या मातीत काही होत नाही, तिथे खोलीपेक्षा पकड जाते. एटीच्या खाचा एकदा भरल्या की एटी पण गुळगुळीतच. खाचा रुंद असलेला पॅटर्न बघा, जो फिरताना माती फेकतो, आणि माप कंपनीचंच ठेवा. जाम गेटच्या घाटात खडकावर कंपनीच्या मापाच्या चांगल्या एटीने मला कधी अडवलं नाही. पहिल्या जोराच्या पावसानंतर दोन दिवस तो तुकडा टाळता आला तर टाळा, रस्ता पण वाचतो, गावकऱ्यांचा पण.

पलासियाची_मंजिरी
स्पीडोमीटर आणि कागदपत्रांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. २६५/६५ ला एका फेरीत अंतर ३.४ टक्के जास्त कापलं जातं, म्हणजे मीटरवर पूर्वीच्या मानाने १०० दिसत असेल तेव्हा गाडी साधारण १०३ ने जात असते, आणि ओडोमीटर १००० दाखवेल तेव्हा १०३४ झालेले असतात. त्यामुळे ॲव्हरेज पडलं असं दिसतं त्यातला काही भाग नुसता हिशोबाचा असतो, तेवढं जोडून घ्या. उरलेली घट खरीच, एटी जड असतो आणि वारा पण जास्त अडवतो. ब्रेकला पण जड चाक थांबवायला जास्त जोर लागतो हे बायपासवर लक्षात ठेवा.

स्टेपनी गाडीच्या खाली टांगलेली असते, मोठा टायर तिथे बसतोय का ते आधी मोजा. आणि चार मोठे नि स्टेपनी छोटी असं असेल तर स्टेपनी लावून ४×४ अजिबात टाकायचं नाही, पुढचा-मागचा फेरा वेगळा पडला की सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) येतो. कंपनीचे १७ इंची मॉडेलचे २६५/६५ आर १७ आणि तुमचे १८ इंची दोन्ही ७७५-७७६ मिमीच्याच आसपास आहेत, ते मुद्दामच आहे.

कायदा म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीतली माहिती वेगळी होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येही तेच सांगितलं. टायरचं माप बदलणार असाल तर विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा, क्लेमच्या वेळी तोंडी बोलणं कोणी मानत नाही.

रामबागवाला
मंजिरीताई, महूकर दादा, काका, मनापासून आभार. मातीचा मुद्दा पटला, माझा अर्धा पावसाळा तिथेच जातो. २६५/६० आर १८ मध्येच एटी घेतो, पाचही. घेताना टायरवर काय वाचायचं तेवढं सांगा काका.

गॅरेजकाका
लोड इंडेक्स ११० किंवा वर, ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो. मापाच्या आधी एलटी (लाइट ट्रक) लिहिलं असेल तर दाराच्या स्टिकरवरची हवा चालणार नाही, जास्त लागते आणि गाडी थोडी कडक बसते, तुझ्या आई-बाबांना ते जाणवेल म्हणून साधाच घे. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, पाचही टायर जवळजवळ सारख्या तारखेचे मागून घे. चढवल्यावर अलाइनमेंट कर आणि रोटेशनमध्ये स्टेपनी पण फिरव, नाहीतर ती नवीच राहील आणि बाकीचे झिजलेले, मग ४×४ मध्ये परत तोच फेऱ्याचा घोळ.