रात्रीचं जेवण टाळूनही उपाशीपोटीची साखर जास्तच का?

रानवारा:
टाइप २ मधुमेह, निदानाला चार महिने. तेव्हा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७.१ होतं, वजन ८४ किलो. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, दुसरं औषध नाही. जेवणानंतर दोन तासांनी साखर १३०-१४५, पण सकाळी उपाशीपोटी १२८ ते १३८. रात्रीचा भात बंद केला, मग आठवडाभर रात्री जेवणच टाळलं, तरी आकडा हलत नाही. एकदा तर १४१ आला. पोटात काही नसताना ही साखर येते कुठून? आणि बदलायचं नेमकं काय?

मोजमाप:
येते यकृतातून. रात्रभर मेंदूला ग्लुकोज लागतं, ते यकृत आपल्या साठ्यातून पुरवतं, शिवाय नव्याने तयारही करतं. किती सोडायचं यावर इन्सुलिनचा लगाम असतो. यकृतात चरबी साचली की ते हा लगाम जुमानत नाही. त्यात पहाटे कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) आणि वाढीचं संप्रेरक चढतं, म्हणजे यकृताला आणखी रेटा. एक जेवण गाळून यातलं काहीच बदलत नाही. उलट भुकेपोटी दुसऱ्या दिवशी दुपारी जास्त खाल्लं जातं.

हा आकडा उतरतो तो यकृतातली चरबी उतरली की. त्यामुळे लक्ष वजनावर द्या. पहिला टप्पा ७ टक्क्यांचा, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे ६ किलो. निदान नवं असताना याचा फायदा सर्वांत जास्त होतो. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात (२०१७) निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेले लोक होते. त्यातल्या ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन घटवलं, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांची साखर वर्षअखेर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. मात्र तो आहार दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आणि देखरेखीखालचा होता, घरच्या घरी करण्यातला नव्हे.

भात बंद करायची गरज नाही, तो तोला. शिजलेल्या १५० ग्रॅम भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. नजरेचा अंदाज इथे हमखास चुकतो, म्हणून पहिले दोन आठवडे वजनकाटा वापराच. अर्धं ताट भाज्या (बटाटा भाजीत धरू नका, धान्यात धरा), पाव ताट डाळ, अंडी, मासे यांसारखी प्रथिनं आणि पाव ताट धान्य. आधी भाजी आणि प्रथिनं खा, भात शेवटी. तेवढ्याच अन्नाने साखर कमी चढते. फळ चावून खा, रस नको. तेल आणि सुकामेवाही मोजा. साखर वाढत नाही म्हणून लोक मूठ-मूठ खातात आणि मग वजन का हलत नाही असं विचारतात.

चालता_बोलता:
वरच्यात व्यायामाची भर घालतो. प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत १०-१५ मिनिटं चाला. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज ओढतो. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरायला हवीत.

त्याशिवाय आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवरचे दंड, वजन उचलणं. ८ ते १२ वेळा, असे दोन-तीन फेरे, आणि शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सकाळी जोरदार व्यायामानंतर साखर थोडी वाढलेली दिसली तर घाबरू नका, ते अ‍ॅड्रेनलिनचं काम असतं.

थेंबभर:
मोजणीबद्दल. घरचं यंत्र १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं, त्यामुळे १२८ आणि १३८ यांत भेद शोधत बसू नका. आठवड्याची सरासरी पाहा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. फळ सोललेल्या बोटाने आकडा खोटा चढतो. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नव्हे. एचबीएवनसी तीन महिन्यांनी करा. लोहाच्या कमतरतेने ते जास्त येऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिनही पाहा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालणार असेल तर अधूनमधून बी-१२ तपासून घ्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ग्लिमेपिराइडसारखी औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी उपास किंवा कर्बोदकं जवळपास बंद असा आहार स्वतःच्या मनाने करूच नये. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता होऊ शकते. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट रुग्णालयात जा.

रानवारा:
म्हणजे रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करतो. झोपताना काही खाल्लं तर पहाटेचा आकडा उतरतो असंही ऐकलं होतं?

मोजमाप:
तुमच्यासाठी नको, नुसत्या कॅलरी वाढतील. रात्री साखर फार उतरून पहाटे उसळते का, ही शंका इन्सुलिन घेणाऱ्यांनी तीन वाजता मोजून तपासावी. एकट्या मेटफॉर्मिनवर तसं सहसा होत नाही. साडेसातला तोलून जेवा, पाऊणतास होण्याआधी चालून या आणि सात तास झोपा. उपाशीपोटीचा आकडा खाली यायला बऱ्याचदा वेळ लागतो, तोवर कंबरेचा घेर मोजत राहा.