पेटी वाटेत हरवली तर आधी कुणाला सांगायचं?

उद्यमबागकर
कास्टिंगला आतून भेग आहे का बघायला आमच्या फाउंड्रीत रात्रपाळीला रेडिओग्राफीवाले येतात. दोरी बांधून आम्हाला लांब घालवतात. त्यांची पेटी दिसायला हातभर, उचलायला गेलं की २०-२५ किलो. आत किरण अडवायला युरेनियमचं कवच, त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढं किरणोत्सर्गी इरिडियम. ही पेटी गाडीतूनच येते की. निपाणीजवळच्या तवंदी घाटात घसरून पडली तर? ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२३ मध्ये झालंच. रिओ टिंटोच्या खाणीतून पर्थला निघालेल्या गेजचा, म्हणजे मोजमापाच्या यंत्राचा, बोल्ट हादऱ्यांनी निखळला आणि त्या भोकातून ८ मिलीमीटरची किरणोत्सर्गी सीझियमची कॅप्सूल रस्त्यावर. खाणीतून निघाली १२ तारखेला, हरवल्याचं कळलं २५ ला! माझं म्हणणं, असं झालं की तासाभरात गावागावात दवंडी पिटा. कन्नडमध्ये आणि मराठीतही.

कॅम्पातला
पिटा दवंडी, मग कोगनोळीपासून हत्तरगीपर्यंत हायवेवर गाड्या अडकलेल्या बघा. निम्मी माणसं पळतील, निम्मी पेटी शोधायला येतील. आणि तुलना चुकतेय. सीझियमचा जोर निम्मा व्हायला ३० वर्षं लागतात, तुमच्या इरिडियमचा ७४ दिवसांत निम्मा. आणि ते कुलूपबंद कवचात. ऑस्ट्रेलियातली कॅप्सूल लोकांना सापडलीच नाही. ताशी ७० किमीनं जाणाऱ्या गाडीवरच्या किरण टिपणाऱ्या यंत्रानं शोधली, रस्त्यापासून २ मीटरवर.

उद्यमबागकर
पण लोकांना सांगितलं होतं ना! ५ मीटर लांब राहा, टायरच्या खाचा तपासा म्हणून. आणि ७४ दिवस बोटं भाजायला पुरेत की.

निपाणीची सून
तुम्ही दोघं हायवेवरच अडकलाय. पेटी पडली तर ती आधी भंगारात जाणार. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये काय झालं? विद्यापीठानं किरणोत्सर्गी कोबाल्टचं जुनं यंत्र लिलावात काढलं, भंगारवाल्यांनी फोडलं. एकानं तुकडा चक्क पाकिटात ठेवला होता. एक माणूस गेला. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ साली सीझियमचीच पूड, निळी चमकते म्हणून माणसांनी अंगाला लावली, चार जण मेले. आमच्या दारी जुनी भांडी न्यायला येणारा भाऊ कुठली बातमी वाचतो? सांगायचं तर आधी त्याला.

सीमावासी
इथं दुकानाच्या मराठी पाटीवरून भांडणं होतात. किरणांची सूचना मराठीत कोण देणार?

कॅम्पातला
आलाच सीमाप्रश्न. भाषेची गरजच काय, किरणोत्सर्गाचं चिन्ह आहे ना?

निपाणीची सून
तीन पाकळ्यांचं? आमच्या पोरीला दाखवलं, म्हणाली, "पंखा." म्हणूनच तर २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं लाल त्रिकोण आणला, त्यात कवटी आणि पळणारा माणूस. पण तो यंत्राच्या आत, उघडणाऱ्याला दिसावा असा. गाडीवर अजून पंखाच.

कॅम्पातला
बरं ताई, भंगारवाल्यांना सांगा, पटलं. पण तासाभरात नको. आधी खात्री होऊ दे की माल खरंच गेलाय.

उद्यमबागकर
ऑस्ट्रेलियात खात्री व्हायला तेरा दिवस गेले, कारण पोचल्यावर पॅकिंग उघडलंच नव्हतं कुणी. आमच्याकडे पेटी उतरवली की किरण मोजायचं मीटर लावून बघतात का नुसती सही करतात, ते मलाही ठाऊक नाही. उद्या रात्रपाळी आहे, दोरीच्या अलीकडून विचारतो.