चमत्कार नकोत, मंगळवार सांगा : रोजचा ताण आणि ख्रिस्ती विश्वास

चरईकर (धागा काढणारी)

रविवारी चर्चमध्ये शांत वाटतंच. गाणी असतात, डोक्यावर पंखा असतो, तासभर कुणाचा फोन येत नाही. मला उत्सुकता आहे ती मंगळवारची. ऑफिसात ऑडिट चालू आहे, कामवालीचा 'आज येणार नाही' असा निरोप आलाय, सासऱ्यांनी गोळी थुंकून टाकलीय. त्या वेळी तुमच्या विश्वासाचं नेमकं काय होतं?

ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळींनी इथे लिहावं अशी विनंती. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकोस्टल, कुठल्याही पंथाचे असा, सगळ्यांनी या. अटी दोनच. चमत्कार बाजूला ठेवा आणि दुसऱ्याला उपदेश करू नका. तुम्ही काय करता ते सांगा.

सुरुवात मीच करते. येशूने वादळ शमवल्याची बायबलमधली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नावेत पाणी शिरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय (ही उशी फक्त मार्कच्या शुभवर्तमानात आहे, मत्तय आणि लूक तिचं नाव काढत नाहीत). प्रवचनात भर असतो तो वादळ शमण्यावर. मला मात्र शिष्य त्याला उठवून जे बोलतात ते जवळचं वाटतं. आम्ही इथे बुडतोय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? सरळ खडसावलंय, आणि लिहिणाऱ्याने ते गाळलेलं नाही. सासऱ्यांना रात्री पुन्हा पुन्हा बाथरूमला न्यावं लागतं तेव्हा मीही तसंच बोलते, दबक्या आवाजात, टाइल्सकडे बघत. गोड शब्दांतली प्रार्थना मला तेव्हा सुचत नाही. भांडून झालं की खांदे जरा सैल होतात. वादळ शमत वगैरे नाही, तोवर सासऱ्यांनी बेसिनचा नळ सोडलेला असतो.

ट्रान्सहार्बरवाली

माझं ऑफिस ऐरोलीला, काम सपोर्टचं. अमेरिकेत कुणाचा सर्व्हर बसला की माझा फोन वाजतो, त्यामुळे ड्यूटीला निघतानाच छातीत धडधड सुरू.

आजीची चांदीची अंगठी माझ्या बोटात असते. तिच्यावर दहा बारीक मणी आणि एक क्रूस उठवलेला आहे. मण्यांवर दहा नमो मरिया, क्रूसावर प्रभूची प्रार्थना. अंगठ्याने फिरवत राहायचं. शेजारच्या बाईला वाटतं, पोरीला बोटाशी चाळा करायची सवय आहे. ठाण्याहून ऐरोलीपर्यंत पूर्वी सलग म्हणायचे. २०२४ मध्ये मध्येच दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून एक फेर दिघ्यापर्यंत आणि दुसरा तिथून पुढे. मण्यांच्या कडा आता इतक्या झिजल्यात की कधी कधी मोजणी चुकते.

अर्धं लक्ष ऑफिसच्या ग्रुपवर असतं, उगाच खोटं कशाला सांगू. फादरांना विचारलं होतं, लक्ष नसताना म्हटलेली रोझरी (ही मण्यांवरची प्रार्थना) चालते का. ते हसले आणि म्हणाले, लक्ष उडालं की परत ये, त्यात कसला हिशोब. आमच्या टीममध्ये एक मल्याळी ऑर्थोडॉक्स मुलगा आहे. त्याला मणीही लागत नाहीत. श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता', सोडताना 'माझ्यावर दया कर', बस. क्लायंटचा कॉल म्यूटवर टाकून तो हे करतो. मीही करून बघितलं, मला अंगठीच बरी.

घोडबंदर रोड

पत्ता वाचून ट्रॅफिकचा ताण कळलाच असेल.

मी सेल्समध्ये आहे. रात्री बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की इंजिन बंद करून थोडा वेळ तसाच बसतो. बायकोला माहीत आहे, ती त्या वेळात फोन करत नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिवसाकडे मागे वळून बघायची एक पद्धत घालून दिली, ती मी करतो. आधी आज मिळालं त्याबद्दल आभार, मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवायचा, कुठे चिडलो, कुठे कुणाला तोडलं ते देवासमोर मांडायचं, क्षमा मागायची आणि उद्यासाठी मदत मागायची. सुरुवात आभारांनी करायची याचा मला आधी रागच यायचा. टार्गेट बुडालंय आणि आभार कसले? आता तोच भाग मोठा होत चाललाय. कधी कधी आभार फक्त कापूरबावडीचा सिग्नल हिरवा मिळाल्याचे असतात.

फारच जड झालं तर आपल्या ठाण्याचाच इतिहास आठवतो. एप्रिल १३२१ मध्ये इथेच तोलेन्तिनोचे फ्रान्सिस्कन थॉमस आणि त्यांचे तीन सोबती विश्वासासाठी मारले गेले. त्यांच्यापुढे माझा ईएमआय तो काय!

चरईकर

पार्किंगचं फार आवडलं. शेवटचं मात्र पटलं नाही. हुतात्म्यांचा मान मोठाच. पण त्यांच्याशी तुलना करून आपला त्रास दाबला, तर रात्री दोन वाजता तोच उशाशी येऊन बसतो. ईएमआयची काळजी ही काळजीच आहे. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे प्रभूनेच शिकवलं ना? मग त्यात हप्ताही बसतो.

नगरची सिस्टर (नर्स, नन नव्हे)

आम्ही मूळचे नगरचे, सीएनआयचे. आता नेरुळला. मी आयसीयूमध्ये काम करते. कोविडनंतर बरीच वर्षं मला रडू येत नव्हतं आणि झोपही येत नव्हती. मंडळीत सांगितलं की लोक म्हणायचे, प्रार्थना वाढवा, वचन वाचा. वाचत होतेच. बारा तासांची नाइट करून आल्यावर डोळ्यांसमोर अक्षरं नाचायची आणि आपला विश्वासच कमी पडतोय असं वाटून आणखी ओझं व्हायचं.

एकदा दुपारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेस घरी आल्या. हातात डबा. मी मनात म्हटलं, आता तासभर प्रार्थना होणार. बाईंनी ओटा पुसला, पिठलं गरम केलं, बाजरीची भाकरी मोडून ताटात वाढली, कांदा बुक्कीने फोडला आणि म्हणाल्या, जेव. जेवले. म्हणाल्या, आता झोप, बेल वाजली तर मी बघते. उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बाई माझ्या मुलाचं गणित घेत बसल्या होत्या.

जाताना दारात त्यांनी एवढंच सांगितलं की बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सवडीने वाच. एलीया. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, दुसऱ्याच अध्यायात ईजबेलीच्या धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत येतो तो रागावत नाही, वचनही ऐकवत नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच सांगतो, वाट लांबची आहे म्हणून. देवाचं बोलणं पुढे होरेब डोंगरावर, तेही मंद वाणीत. मी लहानपणापासून संडेस्कूलमध्ये ही गोष्ट ऐकली होती, पण आमच्या बाई अग्नी आणि भूकंपावरच रंगायच्या.

पाळकसाहेबांच्या मिसेसनीच मला डॉक्टरकडेही धाडलं. गोळ्या चालू आहेत, हे लपवत नाही. कुणाला जवळ माणूस नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन लाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत. हा उपदेश वाटला तर चरईकर ताईंनी खुशाल काढून टाकावा.

चरईकर

अजिबात काढणार नाही.

माहीमची बुधवारवाली

मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली. वय झालंय, नातवाला सांगते आणि तो लिहितो. माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारी नोवेना (मरियामातेची खास प्रार्थना) आहे, माझी आई न्यायची. मुलगा म्हणतो, आई, मोबाइलवर बघ, दादरला गाडी बदलून कशाला मरतेस. त्याला काय कळतंय. तिथे लोकांची पत्रं वाचून दाखवतात. कुणाला मूल झालं, कुणाची दारू सुटली, कुणाला नोकरी लागली. बाहेर मेणाची घरं, मेणाचे हात-पाय विकायला असतात, ज्याचं जे दुखणं ते तो वाहतो. कधी मीच काही मागत नाही, पुढच्या बाईच्या हातातलं मेणाचं घर बघते आणि म्हणते, माऊली, हिला खोली मिळू दे. येताना गाडीत पाय दुखतात पण डोकं हलकं असतं. घरी आल्यावर सून काही बोलली तरी बुधवारी मी उलट उत्तर देत नाही. गुरुवारचं सांगत नाही. (नातू: हे खरं आहे.)

जांभळीनाक्याची

मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? मार्केटमधून येताना मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मागच्या बाकावर पिशव्या ठेवून बसते. कुणी हटकत नाही. एवढंच.

खारघर

मला शांती मिळालेली नाही. नवरा गेल्यापासून घर मोठं झालंय. चर्चमध्ये मिस्साला (उपासनेला) जाते, 'तुम्हांला शांती असो' म्हणत शेजारचे हात जोडतात, मीही जोडते आणि आत काही हलत नाही. वर सगळ्यांनी छान लिहिलंय म्हणून हेही असू दे. बायबलच्या स्तोत्रांमध्ये अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. बाकीच्या विलापांत शेवटाकडे कुठेतरी आशेची ओळ सापडते, हे अंधारातच संपतं. कुणीतरी ते तसंच ठेवलंय, नंतर सुधारलं नाही. मी रोज तेवढंच वाचते आणि पुस्तक मिटते.

नगरची सिस्टर

खारघरच्या ताई, समजावणार नाही. मी नेरुळला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. शुक्रवारी माझी सुट्टी असते. दुपारी जेवायला या, जेवून झोपायचं असेल तर आतली खोली मोकळी आहे. पत्ता निरोपात पाठवते.

खारघर

शुक्रवारी मी मांस खात नाही. मासे चालतात.

नगरची सिस्टर

बोंबील आणते. मला नीट साफ करता येत नाहीत, तेवढे तुम्ही बघा.